ॲसिडमुळे आकसलेली अन्ननलिका: शस्त्रक्रियेसाठी थांबणे योग्य आहे का?

हुपरीकर

नमस्कार. माझा मामेभाऊ हुपरीत चांदीच्या कारखान्यात कामाला आहे. दागिने उजळण्यासाठी आणलेले ॲसिड कोणीतरी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवले होते. जूनमध्ये कामाच्या घाईत त्याने तीच बाटली तोंडाला लावली. एकच घोट पोटात गेला, परंतु तेवढ्याने अन्ननलिका खालपर्यंत भाजली. कोल्हापुरात त्याला त्याच दिवशी दाखल केले, दुर्बिणीने तपासले आणि पुढे पोटावर छेद घेऊन लहान आतड्यात नळी बसवली. तेव्हापासून त्याचे सगळे पोषण त्या नळीतूनच होते. जुलैअखेरपासून दुर्बिणीतून अन्ननलिका रुंद करण्याचे उपचार सुरू आहेत, पण दर वेळी आठ-दहा दिवसांत ती पुन्हा आवळते. आता दिवाळी तोंडावर आली, तरी त्याला स्वतःची लाळसुद्धा नीट गिळता येत नाही. उशाशी सतत टॉवेल लागतो.

मोठ्या आतड्याचा भाग वर मानेपर्यंत नेऊन नवी अन्ननलिका करावी लागेल, मात्र डिसेंबरच्या आधी ती करणार नाही, असे डॉक्टर सांगतात. घरातील वडीलधाऱ्यांना हा वेळकाढूपणा वाटतो आणि मुंबईला नेऊन ऑपरेशन लगेच उरकावे, असा त्यांचा आग्रह आहे. थांबल्याने नुकसान होते का? जठर वापरण्याऐवजी आतडे का घेतात? आणि जुनी अन्ननलिका काढतात की तशीच ठेवतात? जाणकारांनी कृपया सांगावे.

पोटविकार शल्यचिकित्सक

आपल्या डॉक्टरांचा सल्ला मला योग्य वाटतो. भाजलेल्या भागात तयार होणारा व्रण काही महिने आकसतच राहतो. नवी नलिका ज्या ठिकाणी घशाला किंवा मानेतील अन्ननलिकेला जोडायची, ती जागाच अजून आकसत असेल, तर कितीही कौशल्याने घातलेला जोड पुढे अरुंद होतो आणि रुग्ण पुन्हा मूळ पदावर येतो. म्हणूनच अपघातानंतर साधारण सहा महिने थांबण्याची पद्धत आहे. तातडीची शस्त्रक्रिया वेगळी: जठराला किंवा अन्ननलिकेला छिद्र पडले अथवा तिची भिंतच मृत झाली, तर पहिल्या काही तासांत रुग्णाला टेबलावर घ्यावे लागते. तो टप्पा आपल्या भावाच्या बाबतीत मागे पडला आहे.

फाइलमध्ये पहिल्या दुर्बीण तपासणीचा अहवाल पाहा. त्यात बहुधा झरगर श्रेणी, म्हणजे आतून किती खोल भाजले आहे याची प्रतवारी, लिहिलेली असेल. २ब किंवा त्यापुढील श्रेणी असल्यास बहुतेक रुग्णांची नलिका आकसते. आकसलेला भाग लांब असेल आणि रुंद करूनही टिकत नसेल, तर बदली नलिकेचा विचार करणे रास्तच आहे.

आता जठराविषयी. ॲसिड अन्ननलिकेतून झरकन खाली उतरते आणि जठराच्या शेवटच्या भागात साचते, त्यामुळे जठराचे खालचे, आतड्याकडचे तोंडही आवळण्याची शक्यता मोठी असते. असे जठर ओढून वर नेता येत नाही. जठर निरोगी असेल तर मी स्वतः ते आधी निवडतो, कारण त्यात एकच जोड द्यावा लागतो. आतडे वापरले की जोडांची संख्या वाढते. मोठे आतडे घेण्यापूर्वी त्याची दुर्बीण तपासणी आणि रक्तवाहिन्यांचे सीटी स्कॅन करतात, कारण ज्या रक्तवाहिनीवर तो भाग जगणार आहे तीच सक्षम नसेल, तर सगळी मेहनत वाया जाते.

तिसऱ्या प्रश्नावर शल्यचिकित्सकांमध्ये आजही मतभेद आहेत. जुनी अन्ननलिका श्वासनलिकेला आणि स्वरयंत्राच्या नसेला घट्ट चिकटलेली असते, म्हणून ती काढताना इजा होऊ शकते. ती तशीच ठेवली, तर काही दशकांनंतर तिच्यात कर्करोग होण्याचा धोका सामान्य माणसाहून बराच जास्त असतो, आणि एकदा बाजूने नवा मार्ग केला की दुर्बिणीने तिच्यावर लक्ष ठेवणे अवघड होते. रुग्ण तरुण असेल आणि छातीतील चिकटण फार नसेल, तर ती काढावी असे माझे मत आहे. शेवटचा निर्णय मात्र शस्त्रक्रियेच्या वेळी आतली स्थिती पाहूनच होतो.

सांगलीची ताई

माझ्या पतींची अशीच शस्त्रक्रिया झाली आहे, म्हणून घरच्यांना उपयोगी पडेल तेवढे लिहिते. थांबण्याचे महिने वाया जात नाहीत. त्याच काळात वजन वाढवायचे असते. नळीतून पातळ आहार एकदम ओतला की पोटात कळ येते आणि जुलाब होतात, म्हणून आम्ही तो थेंबाथेंबाने, वेळ लावून देत असू. प्रत्येक वेळी शेवटी कोमट पाणी सोडायचे, नाहीतर नळी तुंबते. गोळ्या कुटून घातल्या की ती हमखास तुंबते. डॉक्टरांना विचारून शक्य तिथे पातळ औषध मागून घ्या.

शस्त्रक्रियेनंतर पहिल्याच दिवसापासून भाकरी खाता येईल, अशी आशा त्याला दाखवू नका. आतड्याच्या नलिकेतून अन्न बरेचसे स्वतःच्या वजनानेच खाली उतरते. त्यामुळे ताठ बसून, थोडे थोडे, नीट चावून खावे लागते. जेवल्यावर लगेच आडवे होता येत नाही आणि झोपताना उशाकडची बाजू उंच ठेवावी लागते. मानेतील जोड आमच्याकडेही मध्यंतरी रुंद करावा लागला होता. आज ते आमटी-भात, मऊ भाकरी सगळे खातात.

खर्चाची काळजी असल्यास महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधीच विचारून ठेवा.

कारखानदार, कोल्हापूर

प्रश्न शस्त्रक्रियेचा असला, तरी एवढे सांगणे मला आवश्यक वाटते. ॲसिड पाण्याच्या बाटलीत ठेवण्याची सवय आमच्या धंद्यातून गेलीच पाहिजे. अमेरिकेत शेव्हालिए जॅक्सन या घशाच्या डॉक्टरांनी अशी भाजलेली मुले पाहून अनेक वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा कुठे १९२७ मध्ये दाहक रसायनांच्या बाटल्यांवर धोक्याची सूचना लिहिण्याचा कायदा झाला. आपल्या कारखान्यात कायद्याची वाट न पाहताही वेगळ्या रंगाचे कॅन आणि कुलूपबंद कपाट ठेवता येते.

हुपरीकर

सर्वांचा आभारी आहे. अहवालात ३अ लिहिले आहे आणि जठराचे तोंडही अरुंद असल्याची नोंद आहे. घरच्यांना हे सगळे वाचून दाखवले. डिसेंबरपर्यंत थांबायला ते तयार झाले आहेत. तोपर्यंत नलिका रुंद करणे चालू ठेवावे का?

पोटविकार शल्यचिकित्सक

लाळ गिळता येईल एवढी वाट मोकळी राहत असेल, तर चालू ठेवण्यात अर्थ आहे. परंतु दर वेळी जोर लावावा लागत असेल, तर थांबलेले बरे, हे आपल्या डॉक्टरांशी स्पष्ट बोला. शस्त्रक्रियेपूर्वी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र आणि घशाची तपासणी अवश्य करून घ्या, कारण घसाही भाजला असेल तर जोड कुठे द्यायचा हे बदलते आणि गिळण्याचे शिक्षण पुन्हा द्यावे लागते. आणि नलिका रुंद केल्यानंतर छातीत किंवा पाठीत तीव्र वेदना, ताप, धाप, किंवा मानेवर दाबल्यास त्वचेखाली कुरकुर जाणवली, तर नळीतून काहीही न देता, सकाळची वाट न पाहता, थेट रुग्णालय गाठा. नलिकेला छिद्र पडल्याची ती लक्षणे असू शकतात.