चरबी जाळत नाही, भूक मारतं

सेमाग्लुटाइड या मधुमेहावर आणि वजन कमी करायला देतात त्या औषधाला एकांनी 'चरबी जाळणारं इंजेक्शन' म्हटलंय, तेवढं खोडतो. ते भूक मारतं. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ हे संप्रेरक सुटतं. साखर वाढली की ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, जठर सावकाश रिकामं होऊ देतं आणि मेंदूला 'पुरे' सांगतं. पण डीपीपी-४ नावाचं एन्झाइम दोनेक मिनिटांत त्यातलं निम्मं मोडून टाकतं. सेमाग्लुटाइड ही त्याचीच नक्कल, पण ते रक्तात निम्मं व्हायला आठवडा लागतो. म्हणून आठवड्याला एकदाच टोचायचं.

वडील घेतात ती सिटाग्लिप्टिन ही मधुमेहाची गोळी आणि हे इंजेक्शन एकच का, असंही कुणी विचारलंय. नाही. ती गोळी डीपीपी-४ या एन्झाइमलाच अडवते, त्यामुळे शरीराचंच जीएलपी-१ थोडं जास्त टिकतं. साखर उतरते, वजनाचा काटा फारसा हलत नाही.

गंमत म्हणजे जीएलपी-१ची नक्कल करणाऱ्या जातीचं पहिलं औषध, 2005 साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं एक्झेनाटाइड, गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेतल्या रेणूवरून आलं. (आपल्या घोरपडीला कृपया यात ओढू नका!)

सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत 68 आठवड्यांत वजनात सरासरी 15 टक्के घट दिसली. इंजेक्शन थांबवल्यावर वर्षभरात त्यातली दोन तृतीयांश भरून आली. लग्नापुरतं 'तीन महिने घेतो' म्हणणाऱ्यांनी हा आकडा आधी बघावा.

आणि या इंजेक्शनसोबत ग्लिमेपिराइड (मधुमेहाची एक गोळी) किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर एकदम खाली जाऊ शकते. त्यांचा डोस किती कमी करायचा, हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या, केमिस्टकडून नाही.