मोठ्या माणसाने कुमारांच्या अद्भुत साहसकथा वाचताना काय पाहावे?

सुभाषनगरची वाचक
नमस्कार. आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेल्या अद्भुतरम्य साहसकथा मी मोठेपणी, नोकरी आणि संसार सांभाळत, मनापासून वाचते. सीताबर्डीहून घरी परतताना मेट्रोत आणि उन्हाळ्यात कूलरसमोरच्या दुपारी याच पुस्तकांची सोबत असते. सासरच्या वडीलधाऱ्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. बोलणारी जनावरे, चालती घरे आणि जादूची दारे तर यांतल्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात असतात, तरीही काही पुस्तके महिनोन्महिने मनात राहतात आणि काही दुसऱ्याच दिवशी विरून जातात. हा फरक कशामुळे पडतो? जाणकारांनी कृपया उदाहरणे देऊन सांगावे.

धरमपेठकर
माझ्या मते फरक नियमांमुळे पडतो. अद्भुत जगात काहीही घडू शकते असे आपण सहज म्हणतो, पण जेथे खरोखरच काहीही घडू शकते तेथे धोका उरत नाही आणि साहसही उरत नाही. नॉर्टन जस्टर यांच्या १९६१ सालच्या 'द फँटम टोलबूथ' या कादंबरीत मायलो नावाचा कंटाळलेला मुलगा अंकांच्या नगरात पोहोचतो. तेथे त्याला वजाबाकीचा रस्सा वाढतात, आणि वाट्यांमागून वाट्या संपवूनही त्याची भूक वाढतच जाते. ही कल्पना विक्षिप्त असली तरी तिचे गणित अचूक आहे, कारण ज्या पदार्थात वजाबाकी आहे तो पोटातून काढूनच घेणार. लेखकाने हा नियम गांभीर्याने पाळला म्हणून वाचकाला हसू येते. सोयीप्रमाणे नियम बदलणारी पुस्तके मी पन्नासाव्या पानावर बाजूला ठेवतो.

महालातील शिक्षिका
धरमपेठकरांचे म्हणणे मान्य आहे, परंतु माझ्या दृष्टीने ते अर्धेच उत्तर आहे. नियम काटेकोर असूनही कोरडी राहिलेली पुस्तके मी वाचली आहेत. मनात राहणाऱ्या पुस्तकांत बहुधा असे काहीतरी असते, जे मुलाला गंमत म्हणून आणि प्रौढाला अनुभव म्हणून कळते.

डायना विन जोन्स यांच्या 'हाउल्स मूव्हिंग कॅसल' (१९८६) या कादंबरीतील सोफी ही तीन बहिणींतली थोरली. थोरलीच्या नशिबी काही चांगले नसते असे तिने स्वतःच ठरवून टाकले आहे आणि टोप्यांच्या दुकानात ती मुकाट्याने राबते आहे. एक चेटकीण शाप देऊन तिची म्हातारी करते, आणि त्या सुरकुत्यांच्या आड ही भिडस्त मुलगी पहिल्यांदाच मनातले ठणकावून बोलू लागते. बारा वर्षांच्या वाचकाला यात जादू दिसेल. घरात थोरली म्हणून वाढलेल्या चाळिशीतल्या बाईला त्या शापातली मोकळीक दिसेल.

मिखाएल एन्डे यांची 'मोमो' (१९७३) तर मला प्रौढांसाठीच लिहिल्यासारखी वाटते. करड्या कपड्यांतली माणसे शहरात येऊन लोकांना वेळ वाचवायला शिकवतात आणि तो वाचवलेला वेळ स्वतःच चोरतात. न्हावी गिऱ्हाइकांशी गप्पा मारणे सोडतो, आणि तरीही कोणाकडेच वेळ उरत नाही. त्यात बेप्पो नावाचा रस्ता झाडणारा वृद्ध मोमोला सांगतो की समोरचा सगळा लांब रस्ता एकदम मनात आणू नये, पुढचे पाऊल, पुढचा श्वास आणि झाडूचा पुढचा फटकारा एवढाच विचार करावा. परीक्षांच्या दिवसांत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे समोर आले की मला हे नेमाने आठवते.

ऋद्धिपूरचा प्रवासी
आपण ज्याला मुलांचे साहित्य म्हणतो ते नेहमीच मुलांपुरते नव्हते. शेणाचे घर असलेला कावळा आणि मेणाचे घर असलेली साळई ही चिऊकाऊची गोष्ट आपल्या विदर्भात सिद्ध झालेल्या 'लीळाचरित्रा'त येते, आणि १३व्या शतकात श्रीचक्रधरांच्या गोष्टी ऐकणारी त्यांची शिष्यमंडळी वयाने मोठी होती. 'द हॉबिट'चे लेखक टॉल्किन यांनी १९३९ साली दिलेल्या व्याख्यानात हाच मुद्दा वेगळ्या रीतीने मांडला आहे: मोठ्यांना नकोशी झालेली जुनी टेबलेखुर्च्या जशी मुलांच्या खोलीत जाऊन पडतात, तशा परीकथाही तेथे गेल्या. घरातल्या वडीलधाऱ्यांना चिऊकाऊच्या गोष्टीचे हे मूळ अवश्य सांगावे. मला वाटते, त्यांना ते आवडेल.

धरमपेठकर
एक सूचना राहिली. पहिला भाग गाजला म्हणून लांबवलेल्या मालिकांपासून सावध राहावे. पहिल्या भागात जगाची ओळख होत असल्याने नवलाई असते. पुढे लेखकाजवळ पात्रांविषयी सांगण्यासारखे काही नसेल तर राक्षसांची संख्या तेवढी वाढत जाते.

सुभाषनगरची वाचक
सर्वांचे मनःपूर्वक आभार. विरून गेलेली पुस्तके आठवून पाहिली तेव्हा जाणवले की त्यांतील जादू मला आठवते, परंतु ती जादू कोणाला कशासाठी हवी होती हे आठवत नाही. मीही घरातली थोरलीच आहे, म्हणून आधी सोफीची गोष्ट वाचते. महालातील ताई, ती कथा मराठीत उपलब्ध असल्यास अवश्य कळवावे. सासूबाईंनाही वाचून दाखवता येईल.