जांबोटीकडच्या टाइमशेअर रिसॉर्टची नवी विंग: जुन्या सभासदांनी काय बघायचं, नवीन घेणाऱ्यांनी काय?

शहापूरकर
नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढे चोर्ला रस्त्याला ४० खोल्यांचं एक टाइमशेअर रिसॉर्ट आहे (एकदा पैसे भरायचे आणि दरवर्षी एक आठवडा राहायचा हक्क घ्यायचा). नाव मुद्दाम देत नाही. आमच्याकडे तिथला लाल हंगामातला (हंगामांना रंग असतात, लाल म्हणजे सगळ्यात जास्त मागणीचा) एक आठवडा आहे, एक बेडरूम, तरता आठवडा (म्हणजे तारीख ठरलेली नाही, दरवर्षी बुकिंग करायचं). करार २५ वर्षांचा, त्यातली १४ उरलीत. आता शेजारच्या जमिनीत ३६ खोल्यांची नवी विंग बांधायलेत. जुन्या सभासदांना पत्र आलंय: दीड लाख भरा, जुना आठवडा जमा करा, पॉइंट्समध्ये या (म्हणजे आठवड्याऐवजी दरवर्षी पॉइंट्स, ते लावून खोली घ्यायची), दोन्ही विंग वापरा.

निपाणीच्या आमच्या भावोजींना त्याच नव्या विंगमधला आठवडा साडेचार लाखांना देऊ करायलेत. कॉलेज रोडवरच्या हॉटेलात जेवण, गिफ्ट व्हाउचर, सगळं झालं. वर तोंडी सांगितलंय की वापरला नाही तर आम्ही भाड्याने देऊ, वर्षाला ठरावीक परतावा मिळेल. विंग पुढच्या दिवाळीला तयार होणार म्हणे.

पत्राला हो म्हणावं का? नाही म्हटलं तर आमच्या जुन्या आठवड्याचं काय होईल? आणि भावोजींनी घ्यावं का? जाणकारांनी सविस्तर सांगा की.

हिशेबनीस
आधी आकडे मांडा, मग पत्राकडे बघा. एका खोलीचे वर्षाला ५१ आठवडे विकता येतात, एक दुरुस्तीला ठेवतात. लाल हंगाम समजा २० आठवड्यांचा. ४० खोल्यांचे लाल आठवडे ८००, त्यातले समजा ७०० विकलेत. नव्या ३६ खोल्यांचे ७२०, तेवढे सगळे विकले जातील असं धरू. दोन्ही एकत्र केले तर १५२० आठवड्यांवर १४२० हक्कदार, म्हणजे भरणा साडेसत्याऐंशी टक्क्यांवरून त्र्याण्णवच्या पुढे. हे वाईट आहे, पण त्याने आभाळ कोसळत नाही.

दुखणं मधल्या काळात आहे. नव्या खोल्या तयार व्हायच्या आत त्यांचे सभासद 'तोपर्यंत जुन्या विंगमध्ये राहा' म्हणून आत घेतले जातात. असे ३०० जरी घेतले तरी ८०० आठवड्यांवर १००० जण बसले. २०० जणांना त्या वर्षी लाल आठवडा मिळणारच नाही, कोणी कितीही लवकर फोन केला तरी. त्यात नूतनीकरणासाठी जुन्या १० खोल्या बंद ठेवल्या तर लाल आठवडे ६०० वर येतात. म्हणून कंपनीला एकच लेखी प्रश्न विचारा: नव्या विंगला वापर परवाना मिळेपर्यंत तिचे सभासद जुन्या खोल्यांच्या बुकिंगमध्ये येणार का? उत्तर ईमेलवर घ्या. रिसेप्शनवर दिलेलं उत्तर धरू नका.

खोलीचा प्रकारही बघा. नवी विंग सगळी स्टुडिओची असली आणि पॉइंट्स एकत्र झाले, तर ३६ खोल्यांचे लोक तुमच्या एक बेडरूमवर पॉइंट्स लावणार. तुमच्या आताच्या करारात 'एक बेडरूम' हा शब्द आहे. पॉइंट्सच्या करारात तो नसतो, तक्ता असतो, आणि तो तक्ता बदलायचा अधिकार कंपनीकडे असतो. दीड लाख भरून ठरलेला हक्क सोडायचा आणि बदलता घ्यायचा, हा सौदा मला तरी उलटा वाटतो.

आता वार्षिक देखभाल शुल्क. समजा १८,००० आहे. १८ टक्के जीएसटी धरून २१,२४०. रिसॉर्ट मोठं झालं की मॅनेजर, पहारा, बाग, जनरेटर हा ठरलेला खर्च जास्त आठवड्यांवर वाटला जातो, त्यामुळे तत्त्वतः दर आठवड्याचा भार कमी व्हायला हवा. तसं क्वचितच होतं, कारण न विकलेल्या आठवड्यांचा भार कोणी उचलायचा हे करारात धूसर ठेवलेलं असतं. नव्या विंगचे वर्षाला १८३६ आठवडे. पहिल्या वर्षी ३०० विकले तर १५३६ आठवड्यांची देखभाल बिल्डरने भरली पाहिजे. तसं कलम नसेल तर ती तुमच्या बिलात झिरपते. शिवाय राखीव निधी, म्हणजे गाद्या, गीझर, छत बदलण्यासाठी साठवलेला पैसा, नव्या बांधकामाकडे वळलाय का ते बघायला लेखापरीक्षित हिशेब मागा. आणि वाढीची टक्केवारी वाचा: दरसाल ८ टक्के चक्रवाढ म्हणजे नऊ वर्षांत शुल्क दुप्पट. तुमची १४ उरलीत.

जांबोटी_वारा
पुढच्या दिवाळीचं काही धरू नका. त्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर बाहेरचं बांधकाम जवळपास बंदच. म्हणजे काम ऑक्टोबर ते मे, आणि लाल हंगामही त्यातच. पुढचे एकदोन हंगाम ब्रेकर, मिक्सर आणि डंपर तुमच्या खिडकीखाली असणार. त्या काळात शुल्कात सूट किंवा न वापरलेला आठवडा पुढे नेण्याची मुभा आत्ताच मागून घ्या, काम सुरू झाल्यावर कोणी ऐकत नाही.

दुसरं पाणी. हॉटेलसाठी भारतीय मानकात खाटेमागे दिवसाला १८० लिटर धरतात. ४० खोल्या, तीन माणसं धरली तर २१,६००. ७६ खोल्या झाल्या की ४१,०४०. पोहण्याचा तलाव, स्वयंपाकघर, बाग वेगळं. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते म्हणून पाणी भरपूर असेल असं समजू नका, जांभ्यातलं पाणी पावसाळा सरला की झपाट्याने उतरतं. एप्रिल-मेत रोज १०,००० लिटरचे दोन टँकर जास्तीचे लागले तर ते बिल कोणाच्या नावावर? सांडपाणी प्रकल्पाची क्षमता वाढवली का, हेही विचारा. तो जुन्याच मापाचा राहिला की पहिला वास जुन्या विंगलाच येतो, कारण बहुतेक ठिकाणी तो तिच्या मागे असतो.

जमीन भावोजींनी तपासायची. जुन्या विंगची कागदपत्रं दाखवून नवी विकतात, सर्व्हे नंबर मात्र वेगळा असतो. नव्या सर्व्हे नंबरचा उतारा कर्नाटक सरकारच्या 'भूमी' साइटवर काढा, त्यावर मालक कोण आणि शेतजमीनच आहे का ते दिसतं. एनए (बिगरशेती) झालं असेल तर कर्नाटक भूमहसूल कायदा १९६४ च्या कलम ९५ खालचा डीसींचा (जिल्हाधिकाऱ्यांचा) आदेश मागा, आणि तो पर्यटन किंवा व्यापारी वापरासाठी आहे की राहण्यासाठी, ते वाचा. उतारा कन्नडमध्ये असतो, वाचता येत नसेल तर वाचून घ्या, अंदाजाने पुढे जाऊ नका. ईसी, म्हणजे जमिनीवरच्या व्यवहारांचा आणि बोज्यांचा दाखला, नोंदणी खात्याच्या 'कावेरी' साइटवरून काढा, निदान ३० वर्षांची.

पश्चिम घाट पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचा जुलै २०२४ चा मसुदा अजून मसुदाच आहे, पण यादीत खानापूर तालुक्यातली गावं आहेत. त्यात २०,००० चौरस मीटर किंवा जास्त बांधकामाच्या नव्या प्रकल्पांना आणि विस्तारालाही मनाई सुचवलीय. ३६ खोल्या एवढ्या होत नाहीत. पण विक्रेता 'पुढे तिसरा टप्पा, वॉटर पार्क, टाउनशिप' दाखवत असेल तर त्याचे पैसे आज देऊ नका. आणि जमीन वनखात्याची नाही ना, हा प्रश्न तिकडे आकाराने लहान प्रकल्पालाही लागू होतो.

कोर्ट_रोड
आपल्याकडे टाइमशेअरसाठी वेगळा कायदा नाही, सगळं करारावर आणि ग्राहक कायद्यावर चालतं. केवळ राहण्याचा हक्क विकत असतील तर रेराचं (घर खरेदीदारांसाठीच्या कायद्याचं) कवच बहुधा मिळत नाही, म्हणून कागद जास्त बारकाईने वाचायचा.

शहापूरकर, पत्राला हो म्हणायची सक्ती नाही. मूळ करार तुमच्या सहीशिवाय बदलत नाही. मात्र 'कंपनी नियम वेळोवेळी बदलू शकते' असं कलम असेल तर बुकिंगची वेळ किंवा अग्रक्रम त्याआडून बदलतील. म्हणून आत्ताच ईमेल आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टने कळवा: मूळ करार कायम, अपग्रेड नको, एक बेडरूमचा लाल आठवडा पूर्वीप्रमाणे द्यावा. राग म्हणून शुल्क थांबवू नका. थकबाकीदार झालात की बुकिंग बंद होतं आणि पुढची तक्रारही लंगडी पडते. 'हरकत राखून भरत आहे' असं लिहून भरा.

विस्तारासाठी बँकेचं कर्ज घेताना जुनी विंगही तारण जाते, हे लोक तपासत नाहीत. कंपनी व्यवहार खात्याच्या साइटवर १०० रुपये भरून त्या कंपनीची कागदपत्रं पाहता येतात, त्यात मालमत्तेवरचे बोजे दिसतात. बोजा असेल तर बँकेचं पत्र मागा की कर्ज थकलं तरी सभासदांचा वापराचा हक्क अबाधित राहील. हे पत्र नसेल तर भावोजींनी थांबलेलं बरं.

ठरावीक परताव्याबद्दल: तिथंच उठून या. राहण्याच्या रात्री विकून वर परतावा किंवा शेवटी रक्कम परत, हा सामूहिक गुंतवणुकीचा प्रकार ठरतो आणि त्याला सेबीची (शेअर बाजार आणि गुंतवणूक योजनांच्या नियामकाची) नोंदणी लागते. हॉटेलातल्या राहण्याच्या रात्री विकणाऱ्या पॅनकार्ड क्लब्ज कंपनीला २०१६ साली सेबीने सात हजार कोटींवर रक्कम परत करायला सांगितली ती याच कारणाने. आपल्या भागातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

तवंदी_घाट
निपाणीच्या भावोजींसाठी एक मुद्दा राहिला. आपल्या कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला आणि उन्हाळ्यात एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून. महाराष्ट्रात दिवाळीला आणि मे ते मध्य जून. नव्या विंगची विक्री कोल्हापूर-पुण्यात जोरात असेल तर मे आणि दिवाळी तुंबणार, एप्रिल आणि दसरा तुलनेने मोकळे राहतील. त्यामुळे हंगामांच्या तक्त्यात दसऱ्याचा आठवडा कोणत्या रंगात आहे ते बघा. खालच्या रंगात असेल तर कर्नाटकातल्या शाळेत मुलं असलेल्याने लाल घ्यायचं कारणच उरत नाही, लाख-दीड लाख वाचतात.

शहापूरकर
आभार मंडळी. दोन गोष्टी अजून. भावोजींनी ५०,००० क्रेडिट कार्डावर भरलेत, परवा सही केली. आणि मला एका 'एजन्सी'चा फोन आलाय, तुमचा जुना आठवडा सहा लाखांना विकून देतो म्हणतायत, आधी जीएसटीचे ३८,००० भरा.

कोर्ट_रोड
फोनवाल्याला एक रुपया देऊ नका. बिल्डर स्वतः नवा आठवडा साडेचार लाखांना हप्त्यावर विकत असताना १४ वर्षं उरलेला जुना सहा लाखांना कोण घेईल? विस्तार चालू असताना जुन्याचा भाव पडतोच. पैसे गेले असते तर तत्काळ १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायचा असतो.

भावोजींनी आज करारातलं रद्द करण्याचं कलम काढावं. मोठ्या कंपन्या साधारण १० दिवस देतात, पण मोजणी सहीपासून की पहिल्या रकमेपासून ते वाचा. 'सभासदत्व रद्द करत आहे, रक्कम परत करावी' एवढंच दोन ओळीत, ईमेलने आणि स्पीड पोस्टने, करार क्रमांक घालून. एजंटला फोन करून 'विचार करतोय' म्हणू नका, तो मुदत संपेपर्यंत गोड बोलत राहील. उरलेल्या रकमेचं कर्ज वेगळ्या वित्तसंस्थेकडून मंजूर झालं असेल तर तिलाही त्याच दिवशी लिहा, नाहीतर सभासदत्व रद्द होतं आणि हप्ते कापले जातात.

परत दिले नाहीत तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा आणि बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. निपाणी याच जिल्ह्यात, आणि २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथे दावा चालतो; करारात मुंबई किंवा पणजीचं न्यायालय लिहिलेलं असलं तरी. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षं. लवादाचं कलम आड येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. फक्त एक: करारातलं कलमच अन्यायकारक म्हणून रद्दबातल मागायचं असेल तर तो अधिकार जिल्ह्याला नाही, राज्य आयोगात जावं लागतं. जुन्या सभासदांपैकी पाच-दहा जण एकाच तक्रारीवर येत असतील तर कलम ३५ खाली आयोगाची परवानगी घेऊन एकत्र दाखल करा, प्रत्येकाचा करार आणि गेल्या तीन वर्षांतल्या नाकारलेल्या बुकिंगचे ईमेल जोडून.