भारताने भूसुरुंगबंदी करारावर सही करावी का?

कोरडवाहू: 1997 च्या ओटावा कराराने माणसांवर वापरायचे भूसुरुंग बनवायला, साठवायला, पेरायला बंदी घातली. भारत त्यात नाही. पाकिस्तान, चीन, रशिया, अमेरिकाही नाहीत. माझ्या मते आपण सही करावी. तीन डॉलरचा सुरुंग काढायला 300 ते 1000 डॉलर लागतात. 2023 मध्ये सुरुंग आणि न फुटलेल्या स्फोटकांनी जगात 5,757 माणसं मेली किंवा जखमी झाली. ज्यांची नोंद कळली त्यातले शंभरात 84 साधे नागरिक!

माजी हवालदार: संसदेवरच्या 2001 च्या हल्ल्यानंतर पाकिस्तान सीमेवर फौज जमवली, त्या ऑपरेशन पराक्रममध्ये मी राजस्थान सीमेवर होतो. समोर फौज उभी असताना माइनमुळे (सुरुंगामुळे) पोरांना सावरायला वेळ मिळतो. फिनलंड, पोलंड आणि तिन्ही बाल्टिक देशांनी (एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया) 2025 मध्ये करार सोडायचं ठरवलं. रशिया शेजारी आहे म्हणूनच ना? आपले शेजारी कोण, सांगायला नको.

कोरडवाहू: हवालदारसाहेब, त्याच पराक्रममध्ये पंजाब-राजस्थानात उभ्या शेतांत माइन पेरल्या गेल्या. शेतकऱ्याचे हंगाम बुडाले, आणि त्या काढताना आपलेच जवान गेले.

रानवाट: कंबोडियात थायलंडच्या सीमेलगत 1980 च्या दशकात पेरलेले सुरुंग अजून निघताहेत. 1979 पासून तिथे सुरुंग आणि पडून राहिलेल्या बाँबनी जवळपास 20 हजार माणसं मेली. सरपणाला गेलेली बाई, गुरांमागचं पोर. आपला जयपूर फूट, म्हणजे कृत्रिम पाय, तिथे पोचला, त्यावर उकिडवं बसता येतं, चिखलात उतरता येतं. पण भातलावणी करणाऱ्याचा पाय गेला की घराची मजुरीच जाते, हे कुठल्या हिशेबात धरायचं?

माजी हवालदार: तिथे धड नकाशे नव्हते. आपण कुंपण घालतो, खुणा लावतो, एकेक माइन नोंदवतो.

रानवाट: पूंछकडे वणवा लागला की माइन फुटतात, पावसात माती सरकते. नकाशावरची खूण तिथेच, माइन मात्र खालच्या ओढ्यात!

गडचिरोलीकर: 1 मे 2019 ला जांभूळखेड्याच्या स्फोटात आमचे 15 पोलीस आणि गाडीचा चालक गेले. सुरुंग पेरणाऱ्या नक्षलवाद्यांना कुठला करार लागू होतो?

कोरडवाहू: नाही होत, मान्य. पण मोझांबिक 2015 मध्ये सुरुंगमुक्त झालाच. एवढा गरीब देश!

माजी हवालदार: तिथलं युद्ध संपलं होतं. आपली सीमा अजून पेटती आहे, म्हणून सही नकोच. एक मात्र मान्य: ज्याच्या रानात माइन पेरल्या, त्याची भरपाई त्याच हंगामात हातात पडायला हवी. पराक्रमच्या वेळी एक म्हातारा रोज कुंपणापाशी येऊन आपल्या विहिरीकडे बघत बसायचा. त्याला काय सांगावं, मला सुचायचं नाही.