सरफेस एरिया जास्त, तरी शिसं कमी का धरलं जातंय?

काजळी:
नमस्कार मंडळी. पाण्यातलं शिसं काढण्यासाठी दोन सच्छिद्र कार्बन तपासतेय. पहिला पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून ८०० अंशांवर तापवलेला, बीईटीने (नायट्रोजन शोषवून पृष्ठभागाचं क्षेत्रफळ मोजायची पद्धत) ग्रॅममागे १५०० चौरस मीटरच्या वर. दुसरा म्हणजे तोच, पण नंतर नायट्रिक आम्लात उकळलेला. क्षेत्रफळ बरंच घटलंय. तरी पीएच ५ ला दुसराच सरस! रीडिंग परत घेतलं, तेच येतंय. चुकतंय कुठे?

निवळी:
काही चुकत नाहीये, असंच यायला हवं.

बीईटीसाठी कोरड्या कार्बनवर उणे १९६ अंशांना नायट्रोजन सोडतात. त्याला शिरायला जागा मिळाली की झालं. शिशाच्या आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचं कडं असतं आणि धन भाराला धरून ठेवायला समोर ऋण भार लागतो. ८०० अंशांवर कार्बॉक्सिल गट (पृष्ठभागावरचे आम्लधर्मी -COOH गट) टिकत नाहीत, कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातात. उरलेला पृष्ठभाग बहुधा अल्कधर्मी, म्हणजे पीएच ५ ला धनभारित. तो शिशाला दूरच लोटणार. नायट्रिक आम्लाने भिंती थोड्या ढासळतात, पण कार्बॉक्सिल गट परत येतात, प्रोटॉन सोडतात आणि शिसं तिथे बसतं. पेपरांत क्षेत्रफळ पहिल्याच ओळीत मिरवतात आणि पृष्ठभागाचं रसायन कुठेतरी शेवटी, हे मला मनापासून खटकतं.

दोन्हींचा शून्यभार पीएच काढा, म्हणजे ज्या पीएचला पृष्ठभागावरचा एकूण भार शून्य असतो तो. ०.०१ मोलर मिठाचं पाणी वेगवेगळ्या पीएचला घ्या, कार्बन टाकून २४ तास हलवत ठेवा. जिथे पीएच बदलत नाही तो बिंदू तुमचा. बोहम टायट्रेशन (पृष्ठभागावरचे आम्लधर्मी गट मोजायची पद्धत) जमलं तर उत्तमच.

आणि हो, आम्लानंतरचं धुणं नीट बघा. सुरुवातीचं पाणी पिवळट-तपकिरी येतं. ते कार्बनचेच ऑक्सिडाइझ झालेले विरघळलेले तुकडे. ते राहिले तर शिशाला पाण्यातच धरून ठेवतात. रंग जाईपर्यंत आणि पीएच स्थिर होईपर्यंत धुवा.

काजळी:
धुण्याचा रंग अगदी तसाच होता! मग पीएच ७ ला पहिला कार्बन अचानक चांगला का दिसतो?

निवळी:
अल्कधर्मी कार्बन पाण्याचा पीएच आणखी चढवतो, शिसं हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतं आणि गाळणीत अडकतं. श्रेय मात्र कार्बनला मिळतं. शेवटचा पीएच मोजा आणि त्याच पीएचला कार्बन न टाकलेली बाटलीही चालवा.

तुरटी:
वरचं सगळं शिशासाठी. पुढे क्रोमियम-६ घेणार असाल तर गणित उलटं: तो ऋणायन असतो, पीएच २-३ ला धनभारित कार्बनकडे ओढला जातो. शिवाय कार्बन त्याचं क्रोमियम-३ करतो आणि त्यातलं काही पाण्यात परत येतं. डायफिनाइलकार्बाझाइडचा (हे फक्त क्रोमियम-६ दाखवतं) जांभळा रंग गेला म्हणजे क्रोमियम गेलं असं धरू नका, एकूण क्रोमियम एएएसवर (अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन स्पेक्ट्रोमीटर) मोजा.