मदत हवी: सेसना १७२एन (१९७९), २००ए ऑटोपायलट डावीकडे ओढतो, नॉब, ब्रायडल केबल, कपॅसिटर कुठून मिळवायचे?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. विमान कराडच्या धावपट्टीवर असतं. ऑटोपायलट मूळचाच आहे, एएफ-२९५बी. म्हणजे पंख सरळ ठेवणार आणि व्हीओआर (जमिनीवरचं रेडिओ दिशादर्शक केंद्र) धरणार, उंचीशी त्याचा संबंध नाही. पॅनेलवर सीए-२९५बी कॉम्प्युटर, पंखात पीए-४९५ए-१ ॲक्च्युएटर (एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची झडप, हलवणारी मोटर), जायरोचं (वळण ओळखणाऱ्या फिरत्या चाकाचं) काम टर्न कोऑर्डिनेटरकडे, म्हणजे वळण दाखवणाऱ्या उपकरणाकडे. सिस्टिम २८ व्होल्टची.

जमिनीवर चालू केला की योक (विमानाचं स्टिअरिंग) हळूहळू डावीकडे सरकत जातो. टर्न नॉब उजवीकडे फिरवला तर प्रतिसाद येतो, पण मरगळलेला. हवेत पंख एका लयीत डुलत राहतात. शिवाय टर्न नॉबचं प्लास्टिक तडकलंय आणि त्याला शाफ्टवर धरणाऱ्या ग्रब स्क्रूचं डोकं गोल झालंय. कॉम्प्युटर गेला, अमेरिकेतून दुसरा मागवा, असा सल्ला मिळालाय. तो खरा कसा ठरवायचा? आणि आतले कपॅसिटर इथेच सांगली-कोल्हापुरात बदलून मिळतील का?

बी२_मिरज
दादा, कॉम्प्युटर मागवायची घाई नको. जुन्या सेटमध्ये दोष बऱ्याचदा तारेत, अर्थिंगमध्ये नाहीतर केबलमध्ये निघतो आणि खर्च मात्र डब्यावर होतो.

आधी व्होल्टेज. बॅटरीवर मोजू नका, ग्राउंड पॉवर लावून २८ व्होल्ट स्थिर ठेवा. ऑटोपायलट चालू करा, टर्न नॉब फिरवून मोटरवर लोड येऊ द्या आणि तेव्हाच कॉम्प्युटरच्या कनेक्टरवर मोजा. लोड नसताना गंजलेला जोडसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवतो. मग मीटरची एक पिन कॉम्प्युटरच्या अर्थ वायरवर, दुसरी विमानाच्या स्वच्छ सांगाड्यावर. ०.२ व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थिंग खराब. पावसाळ्यात बंद हँगरमध्ये दमट हवेने पिनांवर हिरवट थर चढतो. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रश वापरा, पॉलिश पेपर अजिबात नको. मुलामा गेला की पिन पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तशीच होते.

योक सरकण्याबद्दल: जमिनीवर विमान हलत नाही, त्यामुळे दुरुस्ती झाली हे जायरोला कळतच नाही. सिग्नलमध्ये किंचित फरक असला तरी योक शेवटी टोकाला जातो. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. ट्रिम नॉब थोडा फिरवून योक जागच्या जागी थांबतो का ते बघा. थांबला तर तो नुसता बॅलन्सचा फरक. ट्रिम टोकाला नेऊनही थांबला नाही तर खरा दोष.

आता जायरो की कॉम्प्युटर, हे ठरवणारी चाचणी. मास्टर (विजेचा मुख्य स्विच) चालू करून जायरोला तीन मिनिटं द्या. ऑटोपायलट लावा आणि मदतनीसाला टो-बारने (विमान ओढायच्या दांड्याने) नाक डावीकडे वळवायला सांगा, मग तितक्याच वेगाने उजवीकडे. नाक डावीकडे गेलं की योक उजवीकडे जायला हवा, आणि उलट. टर्न कोऑर्डिनेटरमधलं छोटं विमान दोन्हीकडे सारखं झुकतंय पण योक एकीकडे मंद, तर दोष त्याच्या पुढे: पिकऑफ (जायरोचा सिग्नल उचलणारा भाग), वायरिंग, कॉम्प्युटर किंवा ॲक्च्युएटर. छोटं विमानच आळशी असेल तर जायरो. मास्टर बंद केल्यावर कान लावून ऐका. जायरो खरखरत लवकर थांबला तर बेअरिंग संपलंय.

केबल_टेन्शन
डुलण्याबद्दल सांगतो. ॲक्च्युएटरची ब्रायडल केबल एलेरॉनच्या केबलला क्लॅम्पने धरलेली असते. ती सैल असली की मोटर फिरते पण एलेरॉन हलत नाही. मग ताण बसतो, एलेरॉन गरजेपेक्षा जास्त जातो आणि तसंच उलट दिशेने. हीच तुमची लय. म्हणून आधी ऑटोपायलट बंद ठेवून एलेरॉनच्या मुख्य केबलचं टेन्शन टेन्सिओमीटरने (ताण मोजायच्या यंत्राने) मोजा. मॅन्युअलमध्ये ४० पाउंड, अधिक-उणे १० आहे. सावलीत, सकाळी मोजा. उन्हात ॲल्युमिनियमचा सांगाडा पोलादी केबलपेक्षा जास्त प्रसरण पावतो आणि टेन्शन वाढलेलं दिसतं. कराडच्या एप्रिलमधल्या दुपारी सैल केबलही ठीक वाटेल.

मग तपासणीचं झाकण काढून आत टॉर्च मारा. कुंभारमाशीचं घर पुलीला चिकटलेलं असू शकतं, हसू नका. केबलवरून सुती फडकं फिरवा. धागा अडकला तर तिथे तार तुटलीये. नुसतं बोट फिरवू नका. नवी ब्रायडल केबल पार्ट्स कॅटलॉगमधल्या नंबरचीच, टोकं स्वेज केलेली (दाबून पक्की बसवलेली) घ्या. मिरजेत तारा भरपूर मिळतात, पण त्या सतारीला.

सगळ्यात महत्त्वाचं: ॲक्च्युएटर कमजोर वाटतो म्हणून स्लिप क्लच आवळू नका. तो घसरतो म्हणूनच वैमानिकाला ऑटोपायलटवर हाताने मात करता येते. त्याचं टॉर्क बेंचवर, मॅन्युअलप्रमाणेच लागतं. क्लचवर तेल किंवा स्प्रेही मारू नका.

आधी_कागद
सुटे भाग इथेच करून घ्यायचे म्हटलं तर कुपवाड एमआयडीसीत गिअर कापून मिळेल, दातही बरोबर बसतील. पण व्हीटी (भारतीय) नोंदणीच्या विमानात तो बसवता येणार नाही. एएन, एमएस, एनएएस अशा प्रमाणित नंबरचे स्क्रू-वॉशर अनुरूपतेच्या दाखल्यावर चालतात. बाकी भागाला सीए फॉर्म १ (भाग वापरायोग्य असल्याचा दाखला) किंवा डीजीसीए (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) मान्य करते असा रिलीज टॅग लागतो. ईबेवर 'काढताना चालू होता' एवढंच लिहिलेला डबा म्हणजे कागदाविना लोखंड. ऑर्डर देण्याआधी टॅगचा फोटो तुमच्या कॅमोला (विमानाची उड्डाणयोग्यता सांभाळणाऱ्या संस्थेला) दाखवा.

कपॅसिटर बदलणं सोपं दिसतं, पण ते कंपोनंटचं काम आहे. सीएआर-१४५ (दुरुस्ती संस्थांचे नियम) खालची सी२, म्हणजे ऑटो फ्लाइट रेटिंग असलेल्या शॉपनेच ते करायचं. मोबाइल दुरुस्तीवाल्याचा हात कितीही चांगला असला तरी नाही.

डबा परदेशी दुरुस्तीला पाठवलात तर शिपिंग बिलावर पार्ट नंबर आणि सीरियल नंबर लिहून घ्या. परत येताना तोच डबा आहे हे पटलं तर कस्टम्सच्या सवलतीप्रमाणे शुल्क दुरुस्तीचा खर्च, विमा आणि जाण्या-येण्याच्या भाड्यावर लागतं, डब्याच्या पूर्ण किमतीवर नाही. नवा भाग आणलात तर १५ जुलै २०२४ पासून विमानाच्या सुट्या भागांवर अटींसह ५% आयजीएसटी आहे. जायरो काढण्याआधी मास्टर बंद करून पंधरा मिनिटं थांबा. फिरत्या जायरोला धक्का बसला की बेअरिंग गेलं.

तोवर ऑटोपायलटचा ब्रेकर (विजेचा सुरक्षा स्विच) ओढून तो परत दाबता येऊ नये म्हणून कॉलर लावा, पॅनेलवर 'वापरू नये' चिकटवा आणि एएमईकडून (परवानाधारक विमान देखभाल अभियंत्याकडून) लॉगमध्ये नोंद करून घ्या. दिवसाच्या व्हीएफआरला (बाहेर बघून केलेल्या उड्डाणाला) ऑटोपायलट लागत नाही.

कृष्णाकाठ
मोजून आलो. ग्राउंड पॉवर २८.०, कनेक्टरवर लोडसह २५.४. त्यातले १.९ एकट्या अर्थिंगमध्ये. लग (अर्थ वायरच्या टोकाची चकती) काढला तर खाली काळा थर. तो साफ करून घट्ट केल्यावर कनेक्टरवर २७.३ आले आणि टर्न नॉबचा प्रतिसाद दोन्हीकडे सारखा झाला. ट्रिम थोडं उजवीकडे दिलं की योक थांबतो. टो-बार चाचणीत फरक नाही. एलेरॉनचं टेन्शन मात्र सावलीत २६ पाउंड.

बी२_मिरज
मग कॉम्प्युटर विसरा. पण अजून ०.७ व्होल्ट जातायत, ब्रेकरच्या दोन्ही टोकांमध्येही मोजा. जुना ब्रेकर आतून जळतो.

केबल_टेन्शन
२६ म्हणजे मर्यादेच्या खाली. ऑटोपायलट नसता तरी हे दुरुस्त करावंच लागलं असतं. काम बी१ (यांत्रिक कामांचा परवाना असलेल्या) एएमईकडून करून घ्या. फ्लाइट कंट्रोलला हात लागला की दुसऱ्या अधिकृत माणसाची स्वतंत्र तपासणी आणि सही लागते, ती टाळू नका. टर्नबकलची सेफ्टी वायर नवी. ब्रायडलचं टेन्शन मुख्य केबल झाल्यावरच, उलट क्रमाने केलंत तर दोनदा करावं लागेल. पहिल्या उड्डाणात शांत हवेत, भरपूर उंचीवर ऑटोपायलट लावा आणि लावल्यावर लगेच योक दोन्हीकडे दाबून मात करता येते का ते बघा.

ग्रब स्क्रूला इंची ॲलन की हवी. १/१६ इंच म्हणजे १.५९ मिमी. त्यात १.५ची मेट्रिक घातली की डोकं गोल होतं, तुमचं बहुधा तसंच झालंय. आतला स्क्रू काढताना शाफ्टवर जोर नको, मागे पोटेन्शिओमीटर आहे.

कृष्णाकाठ
आभार. ब्रेकर उद्या मोजतो, बी१ साहेबांची वेळ घेतलीये. कोणाकडे टॅगसह टर्न नॉब असेल तर व्यनि करा, नुसता नॉब हवा, डबा नको.