जुनं पेन आणि गरम पाणी

वाळलेल्या शाईमुळे अडलेलं जुनं फाउंटन पेन गरम पाण्यात रात्रभर ठेवावं, या सल्ल्याशी मी असहमत आहे. प्लास्टिकच्या आधुनिक पेनांना कोमट पाणी चालतं. काळ्या एबोनाइटला, म्हणजे जुन्या पेनांच्या कडक रबराला, मुळीच नाही. पाण्याने, त्यातही गरम पाण्याने, त्याचा रंग उडून तो तपकिरी-हिरवट होतो, आणि पॉलिश केलं तर बारीक कोरीवकाम झिजतं. केसीनचं, म्हणजे दुधातल्या प्रथिनापासून केलेल्या प्लास्टिकचं, पेन तर पाणी पिऊन फुगतं. म्हणून फक्त निब आणि फीडचा (निबखाली बसणाऱ्या, शाई पुरवणाऱ्या तुकड्याचा) भाग साध्या पाण्यात टेकवा, तासाभराने पाणी बदला, आणि शाईचा रंग उतरायचा थांबला की पेन टिशूवर उभं ठेवा.

तरफेचं (बाजूची छोटी तरफ उचलून शाई भरायचं) पेन असेल तर तरफ जोर लावून उचलू नका! आतली रबरी पिशवी कडक झालेली असते, तरफच तुटते. पिशवी बदलताना नवी पिशवी शेलॅकनेच, म्हणजे लाखेपासूनच्या चिकट द्रावणानेच, चिकटवावी. सुपरग्लू लावला तर पुढच्या दुरुस्तीला जोड सुटत नाही आणि भाग तडकतो. शेलॅक मात्र हलक्या कोरड्या उष्णतेने मऊ होतं.

आणि हो, पहिल्यांदा भरायला साधी निळी, धुऊन जाणारी शाई घ्या, चमकीची नको.